गाडी गार होईपर्यंत

इंजिन बंद केलं की शांतता येते असं ज्यांना वाटतं, ते तापलेल्या गाडीशेजारी कधी उभे राहिलेले नसावेत. चावी फिरवल्यावरही काही वेळ कानात घूंघूं चालूच असते, तळहातांत हँडलचा कंप शिल्लक असतो, हेल्मेट काढलं की घामेजल्या केसांत वारा शिरतो आणि आपण कुठे येऊन थांबलो आहोत हे डोळ्यांच्या आधी कातडीला कळतं. मग गुडघ्याच्या उंचीवरून तो आवाज सुरू होतो. टिक्. जरा थांबून टिक्-टिक्. पुन्हा थांबून टिक्. तापून फुगलेला धातू आकसायला लागलेला असतो. सिलिंडरचं बीड आपल्या चालीने गार होतं, सायलेन्सरचा बाक आपल्या चालीने. सुरुवातीला आवाजाला घाई असते. हळूहळू दोन टिकटिकींमधलं अंतर वाढत जातं, इतकं की पुढची आता यायची नाही असं वाटून आपण दुसरीकडे बघायला लागावं आणि तेवढ्यात आणखी एक, अगदी बारीक, ऐकू यावी. प्रवास संपलेला नसतो आणि चाललेलाही नसतो. आयुष्यात जे काही मला नीट पाहता आलं, ते बहुतेक या मधल्या वेळात.

या वेळाची ओळख बाबांच्या येझदीने करून दिली. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, दोन्ही अंगांना एकेक सायलेन्सर, पेट्रोलात ऑइल मिसळून घालायचं, त्यामुळे मागे निळसर धुराची रेघ आणि त्या धुराचा गोडसर, घशाशी बसणारा वास. माझं आजोळ बाणकोटच्या खाडीपलीकडे. मे महिन्यात पुण्याहून जाताना वरंध घाट उतरायचा असे, तेव्हा गाडीला काही कष्ट नसत. सगळी परीक्षा परतीच्या वाटेवर. महाड सोडलं, बिरवाडी मागे पडलं की रस्ता हळूहळू वर बघायला लागे. मी पुढे टाकीवर, आई मागे, तिच्या मांडीवर आंब्यांची पिशवी, पिशवीत वरून घातलेलं गवत. निरोप घेताना आजी रडलेली असे, आई रडलेली असे, आणि मला फ्रॉकमधून लागणारा टाकीचा चटका सोडून दुसरं काहीच सुचत नसे. चढणीच्या एका वळणानंतर बाबा बोलायचे थांबत. त्यांचा कान इंजिनाकडे लागलेला असे, आणि मला ते माझ्या पाठीला टेकलेल्या त्यांच्या छातीच्या ताठरपणावरून कळे.

माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबे. “गार होऊ दे जरा,” बाबा म्हणत. आई उतरून कमरेवर हात ठेवून मागे वाके, पिशवीत हात घालून एखादा आंबा दबला आहे का ते चाचपून बघे. मी येझदीपाशी उकिडवी बसून टिकटिक ऐके. आणि बाबा खांद्यावरच्या पिशवीतून कॅमेरा काढत.

ॲग्फा क्लिक-थ्री. बडोद्याला बनणारा, काळा, हलका, पुष्कळ मराठी घरांत कपाटाच्या वरच्या खणात नॅप्थॅलीनच्या गोळ्यांशेजारी राहिलेला तो कॅमेरा. ऊन आणि ढग अशा खुणा, पाठीमागे एक लाल खिडकी आणि तिच्यातून दिसणारा फिल्मच्या कागदावरचा आकडा. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि त्या बारांत वाढदिवस, गणपती, कुणाची मुंज, कुणाचं बारसं असं सगळं वर्ष बसवायचं. घाटाच्या वाट्याला एकच फोटो येई. दुसरा कधी नाही. त्यामुळे बाबा तो लगेच काढत नसत. ते कॅमेरा हातात धरून नुसते उभे राहत, समोर शिवथरच्या खोऱ्यावर कलतं ऊन पसरलेलं असे, धुरकट डोंगरांची एकामागे एक रांग असे, आणि मला वाटे की बाबांना फोटो काढता येत नाही. आता वाटतं, त्यांना तो येत होता. टिकटिक थांबली की ते एकदम म्हणत, “हं, इकडे बघा.” आई ऊन डोळ्यांवर येऊन कपाळाला आठ्या घालून उभी, मी तिच्या पदराआड अर्धी, मागे येझदीचं एक चाक. बोटभर खटका. झालं. बाबा लाल खिडकीत बघत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवत, कॅमेरा पिशवीत जाई आणि आम्ही हिरडोशीच्या दिशेने उतरायला लागत असू. तेव्हा तिथे नीरा-देवघर धरणाचं पाणी नव्हतं.

ते फोटो चौकोनी होते. स्टुडिओवाले फिल्मवरच कागद ठेवून त्याच मापाचा छाप काढून देत, कडेला पांढरी पट्टी सोडून. फिल्म बहुधा ‘इंदू’ची, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातली. मला आठवतं ते हे की त्या काडेपेटीहून जरा मोठ्या छापात आईच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येत. पुढे आमच्याकडे छत्तीस फोटोंचा रोल लागणारा, खिशात मावणारा कॅमेरा आला, त्याचे पोस्टकार्डाएवढे रंगीत फोटो आले, आणि आठ्या दिसेनाशा झाल्या. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

कॉलेजात असताना एका जाहिरात-छायाचित्रकाराच्या स्टुडिओत मला पहिल्यांदा हॅसलब्लाड दिसला. तिपाईवर बसवलेला, वरचं झाकण चारी बाजूंनी उघडून एक छोटं धुराडं झालेलं. “बघ हवं तर,” ते म्हणाले. मी मान खाली घालून त्या धुराड्यात पाहिलं, आणि तळाशी घासलेल्या काचेवर समोरच्या खिडकीतलं ऊन पडलेलं होतं. खिडकी समोर होतीच की. पण काचेवरची खिडकी आणखी कुठली तरी होती. कड्यांना जरा अंधार, मध्ये उजेड, धुळीचे कण तरंगताना दिसत होते. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मी कॅमेरा उजवीकडे वळवायला गेले तर खिडकी भलतीकडेच निघाली, आणि ते हसले. त्या दिवसानंतर हा कॅमेरा आपल्याला हवा आहे हे मला ठाऊक होतं. परवडणार नाही हेही ठाऊक होतं. पुढची कित्येक वर्षं या दोन गोष्टी एकमेकींना त्रास न देता माझ्यात राहिल्या. या काळात नोकरी आली, लग्न झालं, जुनी बुलेट आली, उजव्या पायाचे गिअर आणि बिडाचं इंजिन असलेली. अँपिअरचा काटा बघून, डिकंप्रेसरचा खटका दाबून, पिस्टन हळूच पुढे सरकवून मगच किक मारायची, नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडते, हे सगळं तिच्याकडून शिकले. तिच्यावर बसून कोकण पाहिलं, माळशेज, कुंभार्ली, आंबोली पाहिलं. पैसे साठत होते ते नव्या, जरा दमदार गाडीसाठी. हिमालयात न्यायला.

आणि मग एका दुपारी मुंबईत बोरा बाजारातल्या एका दुकानात ती पेटी समोर आली.

हॅसलब्लाड पाचशे सीएम. पुढे कार्ल झाइसची ऐंशी मिलिमीटरची प्लानार, मागे बारा फोटोंची फिल्मची पेटी. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचं काम. या कॅमेऱ्यांच्या क्रमांकाआधी दोन अक्षरं कोरलेली असतात, आणि ‘व्हीएच पिक्चर्स’ या शब्दांतल्या अक्षरांना एक ते शून्य असे ओळीने आकडे दिले की त्यांतून बनावटीचं वर्ष निघतं. या पेटीवर यू आणि ई होतं. १९७९. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. दुकानदाराने पेटी माझ्या हातांत ठेवली तेव्हा तिचं वजन भरल्या तांब्यासारखं तळहातात उतरलं, सगळं खाली, सगळं मधोमध. मी टॉर्च लावून भिंगात बुरशी आहे का पाहिलं. कोकणात आजोळ असलेल्या माणसाला ती भीती जन्माची असते. एका सेकंदावर लावून शटर दाबलं. झिर्रर्र, आणि थप्प. आतल्या बारीक चक्रांनी तो सेकंद पूर्ण मोजला होता.

“स्टुडिओसाठी?” दुकानदाराने विचारलं.

“नाही. बुलेटवर फिरते.”

त्यांनी पेटी अर्धी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाले, “पाठीवर न्या. कॅरिअरला बांधू नका. एका सिलिंडरची थरथर स्क्रू सैल करते. माणसाचं अंग ती खाऊन टाकतं, लोखंडाला तसं जमत नाही.”

घरी आल्यावर नवऱ्याने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “गाडी बदलायची होती ना?”

“ही आहे की अजून.”

“काल तर म्हणत होतीस, क्लच गेला.”

“क्लच बदलता येतो.”

तो हसला आणि चहा टाकायला गेला. संसारात काही खर्चांचा हिशोब मागितला जात नाही, ही मोठी गोष्ट आहे.

बाबांना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, कॅमेरा सगळीकडून फिरवून पाहिला, बुलेटचं ॲव्हरेज विचारतात त्याच सुरात विचारलं, “यात फिल्म कुठली?”

“एकशेवीस.”

“म्हणजे आपलीच.”

आपलीच. कोडॅकने १९०१ साली काढलेलं ते माप, कागदाची पाठ असलेलं, कॅमेऱ्याच्या किमतीशी ज्याने कधी देणंघेणं ठेवलं नाही. बडोद्याच्या डब्यात तीच फिल्म आणि गॉथेनबर्गच्या पेटीत तीच. मी रोल त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागदाचं टोक अंगठ्याने सपाट केलं, रिकाम्या फिरकीच्या फटीत सरकवलं, किंचित ताण दिला. हात थोडे थरथरत होते, पण अंगठ्यांना वाट आठवत होती. मी बघत राहिले. बाबांना हे शेवटचं करून कितीतरी वर्षं झाली होती.

आता फिरते ती दोघांना घेऊन. सामान लावताना कळतं की दोन माणसांची बॅग भरणं सोपं, दोन यंत्रांची कठीण. गाडीला स्पार्क प्लग, क्लच वायर, ट्यूब, पाने. कॅमेऱ्याला फिल्म, मीटर, सिलिका जेलच्या पुड्या, पावसासाठी रबरी पिशवी. दर खेपेला काहीतरी घरी ठेवावं लागतं आणि बहुतेकदा ते कपडे असतात. वजनाचं हे गणित थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. १९६२ साली वॉल्टर शिरा या अंतराळवीराने ह्यूस्टनच्या दुकानातून घेतलेला हॅसलब्लाड आपल्या यानात नेला, आणि पुढे चंद्रावर उतरलेल्यांनी परतताना तिथली दगडमाती जास्त आणता यावी म्हणून कॅमेरे तिथेच टाकले, फिल्मच्या पेट्या तेवढ्या काढून आणल्या. घाटात बसून कधी पौर्णिमेला वर पाहिलं की ते कॅमेरे डोळ्यांपुढे येतात. न गंजलेले. कुणी न उचललेले. माझ्याच्याने नसतं झालं.

लोक विचारतात, मोबाईलमध्ये एवढं चांगलं येतं, मग हे ओझं कशाला? कधी कधी मी आकड्यांत उत्तर देते: या फिल्मवरची चौकट छप्पन्न मिलिमीटर लांब-रुंद, नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी, म्हणून पलीकडच्या डोंगरावरचं गवत गवतच राहतं, त्याची काजळी होत नाही. हे खरं आहे. पण मी त्यासाठी तो घेतलेला नाही. मोठ्या सेन्सरचे नवे डिजिटल कॅमेरे त्याहून बारीक दाखवतात, आणि ते वाईट आहेत असं म्हणण्याचा अडाणीपणा मी करणार नाही. फक्त ते लगेच दाखवतात. आणि मला तो मधला वेळ हवा आहे, गाडी गार होण्याचा, ज्यात काढलेलं पाहून घ्यायची सोय नसते आणि म्हणून समोरचंच पाहावं लागतं.

एक गोष्ट मात्र घेतल्यावरच कळली. या कॅमेऱ्यात शटर दाबलं की आतला आरसा वर जातो आणि तिथेच थांबतो. काच काळी होते. ज्यासाठी इतका वेळ उभे राहिलो तो क्षण टिपला जाताना आपल्याला दिसत नाही, आणि टिपून झाल्यावरही अंधारच राहतो. उजव्या बाजूचा दांडा एक पूर्ण फेरा फिरवाल तेव्हा जग परत येतं. पहिल्या रोलला मी दर वेळी दचकत होते. आता त्या अंधारात थोडी रेंगाळते. दांडा लगेच फिरवत नाही. खोल श्वास. मग.

छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी याच जातीच्या कॅमेऱ्याने पुष्कळ काम केलं, पोटाशी धरून, आणि २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. त्यांचे फोटो पाहताना मला नेहमी वाटतं की समोरच्या माणसावर कुणी नजर रोखलेली नाही. हे वरून बघायच्या कॅमेऱ्याचं देणं आहे. डोळ्याला डोळा भिडत नाही. फोटो काढणाराच मान खाली घालतो.

याचा प्रत्यय भोरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकडेच्या रस्त्यावर आला. पावसाळा नुकता सरलेला. मी थांबले होते, गाडी टिकटिकत होती, आणि एक आजोबा बैलांची जोडी घेऊन वर येत होते. थबकले. कॅमेऱ्याकडे न बघता बुलेटकडे बघून म्हणाले, “तापली व्हय?”

“तापली, बाबा. बसू दे जरा.”

“बसू दे, बसू दे. जनावराला पन दम लागतोच.” मग जवळ येऊन, “आन् ह्यो काय डबा?”

मी धुराडं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मुंडासं मागे सरकवून आत डोकं घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. बैल आपल्या नादाने चरत पुढे चालले होते. आतून आवाज आला, “अगं पोरी, बैलं माघारी चालल्यात की!” बाहेर बघितलं, पुन्हा आत बघितलं. “हिकडं रानाकडं, आन् आत घराकडं.” त्यांना त्याची एवढी मौज वाटली की त्यांनी बैलांना हाळी घालून थांबवलं, वळवलं, पुन्हा चालवलं, आणि दर खेपेला आत डोकावून खात्री करून घेतली. तोवर ऊन ढगातून बाहेर आलं होतं. मी मीटर बघितला, आठवर छिद्र, अडीचशेवर वेग, आणि मान खाली घालून थांबले. आजोबा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. खटका. अंधार.

“दाव की.”

“आत्ता नाही दिसत, बाबा. धुवावा लागतो.”

“मंग या घिऊन,” ते म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याने पेरलेलं उगवायची वाट जन्मभर पाहिली त्याला तरी काय वावगं वाटावं.

दिवाळीनंतर मी छाप घेऊन गेले. न्हाणीघरात पडदा लावून धुतलेला तो रोल, हायपोचा वास बोटांना दोन दिवस राहिलेला. आजोबांनी फोटो हाताच्या अंतरावर धरला, मग डोळ्यांजवळ. स्वतःकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. “ढवळ्या ब्येस आलाय,” म्हणाले, आणि बोट लावून बैलाच्या कपाळावरचा भोवरा सुनेला दाखवला. भोवरा खरंच दिसत होता, केस न् केस.

त्याच फेरीत पुढे घाट उतरून बागमांडल्याला गेले, फेरीबोटीने वेशवीला जायला. सावित्री तिथे समुद्राला मिळते. पलीकडे बाणकोट, आणि बाणकोटापुढे जिथे आता आमचं कुणी राहत नाही ते गाव. बोटीवर सगळ्यांना इंजिन बंद करावं लागतं. बोटीचं मशीन धडधडत होतं, कोळणी मोठ्याने बोलत होत्या, एक एसटी मागेपुढे करत उभी राहत होती, आणि तरीही मला माझ्या गाडीची टिकटिक ऐकू आली. आवाज कमी-जास्त असण्याशी तिचा फारसा संबंध नसावा. रोलवर एकच चौकट उरली होती. खाडीवर ऊन होतं. मी धुराडं उघडलं, काचेवर किनारा आला, आजोळचा किनारा, उलट्या बाजूला, आणि त्या उलट्या बाजूलाच तो मला जास्त ओळखीचा वाटला. लहानपणी आम्ही या पाण्यावरून परत निघालेलो असताना तो असाच भलत्या हाताला असायचा.

ती चौकट मी बाबांसाठी घेतली. छाप त्यांच्या खोलीत आहे, क्लिक-थ्रीच्या जुन्या छापांशेजारी, त्याच मापाचा, वाढवलेला नाही. भिंग लावून ते तो पाहतात आणि जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसांपैकी एखादा ओळखीचा निघतो का ते शोधतात. निघणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

तुमच्याही माळ्यावर, एखाद्या ट्रंकेत, कुणाचा तरी क्लिक-थ्री पडलेला असेल. तो भंगारात देऊ नका. एकशेवीसची फिल्म अजून मिळते. कृष्णधवल रोल घ्या, लाल खिडकीत बघत एकचा आकडा आणा, आणि ज्यांचा तो कॅमेरा होता ते माणूस घरात असेल तर रोल त्यांनाच भरू द्या.